देवगिरीचीं पोतीं आणि वैमानिकाचा कान



दौलताबादचा किल्ला आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. छत्रपती संभाजीनगराहून वेरूळच्या वाटेस लागलें कीं, सपाट माळावर सुमारे ६०० फूट उंचीचा तो डोंगर एकदम पुढें उभा राहतो. तासून काढलेला कडा, भोंवतीं खंदक, आणि वर जावयास काळोखी भुयारी वाट. असा गड बाहेरून जिंकणें जवळजवळ अशक्यच. तरीहि १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीपुढें रामदेवरायास नमावें लागलें. कां? वेढ्याच्या घाईंत गडावर जीं पोतीं चढविलीं तीं धान्याचीं समजून चढविलीं. पुढें उघडून पाहिलीं तों तीं मिठाचीं निघालीं, असें फारशी तवारीखकार सांगतात. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, न तपासलेली खात्री घात करते हा तिचा बोध मात्र खरा आहे. आज मी जें सांगणार आहें तें आकाशांतलें असलें, तरी त्याचें मूळ याच बोधांत आहे.

विमानाच्या अपघातांचे प्रकार अनेक आहेत. पण त्यांतला एक विशेष चटका लावणारा आहे. यंत्रांत बिघाड नाहीं, वैमानिक अनुभवी, विमान पूर्ण ताब्यांत. आणि उतरण्याच्या बेतांत असतां तें अंधारांत किंवा ढगांत डोंगरावर जाऊन आदळतें. आपल्या महाराष्ट्रानें असे प्रसंग पाहिले आहेत. १२ जुलै १९४९ रोजीं के. एल. एम. या डच कंपनीचें कॉन्स्टेलेशन विमान भर पावसाळ्यांत सांताक्रूझ येथें उतरूं पाहत असतां घाटकोपरच्या टेकडीवर आदळलें. आंतील ४५ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार त्यांत होते.

पुढें तेरा वर्षांनीं, ७ जुलै १९६२ रोजीं मध्यरात्रीनंतर, बँकॉकहून मुंबईस येणारें अलितालिया कंपनीचें डी. सी. ८ जेट विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर फुटलें आणि ९४ माणसें प्राणांस मुकलीं. मुंबई तेथून सुमारे ८० किलोमीटर दूर होती. चौकशींत असें ठरलें कीं, मुंबई आहे त्याहून जवळ आली असा वैमानिकाचा समज झाला, आणि म्हणून त्यानें विमान वेळेआधींच खालीं घेतलें. तो मुलूखहि त्याच्या ओळखीचा नव्हता. 'मुंबई आली' ही खात्री म्हणजेच त्याचें न उघडलेलें पोतें.

या दोन्ही वेळीं वैमानिकास सावध करणारा आवाज विमानांत नव्हता. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची सांगे; पायाखालची जमीन किती वर आली आहे हें सांगणें त्याचें काम नव्हे. ही उणीव भरून काढणारें यंत्र कॅनडांत जन्मलेले इंजिनिअर डॉन बेटमन यांच्या परिश्रमांतून सिद्ध झालें. विमानाच्या पोटाखालून जमिनीकडे रेडिओलहरी सोडावयाच्या, त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून उंची काढावयाची, आणि ती धोक्याच्या वेगानें घटूं लागतांच वैमानिकाच्या कानीं 'पुल अप', म्हणजे 'वर घ्या', असा घोष करावयाचा, ही त्याची रीत. १ डिसेंबर १९७४ रोजीं वॉशिंग्टनजवळ टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें विमान डोंगरावर आदळून ९२ जण मेले. त्यानंतर लवकरच अमेरिकेनें मोठ्या प्रवासी विमानांत हें यंत्र सक्तीचें करण्याचें ठरविलें.

आतां प्रश्न सुटला असें कोणासहि वाटेल. परंतु आवाज देणें एक आणि तो मानणें दुसरें. १९८३ च्या नोव्हेंबरांत माद्रिदजवळ आव्हिआंका कंपनीच्या विमानांत यंत्र ओरडलें, तरीहि विमान खालींच येत राहिलें. १८१ जण गेले. २२ मे २०१० रोजीं मंगळूर येथें पुढें डोंगर नव्हता; डोंगरमाथ्यावरचीच धांवपट्टी होती. 'फार वेगानें खालीं येत आहां' असें यंत्र सांगत होतें, सहवैमानिक पुन्हां वर जाण्यास सुचवीत होता. तरी कप्तानानें उतरणें सोडलें नाहीं. विमान धांवपट्टीपलीकडच्या दरींत गेलें व १५८ जीव गेले. त्याच वर्षीं जुलैंत इस्लामाबादजवळ मारगल्ला टेकड्यांत यंत्रानें वारंवार बजावूनहि १५२ जण मृत्युमुखीं पडले.

हे वैमानिक अडाणी होते काय? मुळींच नव्हे. पहिलीं यंत्रें कधीं कधीं विनाकारण ओरडत, म्हणून त्यांवरचा विश्वास उडाला होता, हें एक कारण. दुसरें खोलवरचें आहे. आपण कोठें आहों याचें एक चित्र मनांत पक्कें बसलें कीं, त्याविरुद्ध येणारा आवाजच खोटा वाटूं लागतो. त्यांत अधिकाराचा अभिमान मिसळला, म्हणजे कनिष्ठाचा शब्दहि कानाआड जातो.

म्हणून आतां वैमानिकांस शिकवितात तें असें : रात्रीं किंवा ढगांत 'वर घ्या' हा शब्द ऐकतांच विचार करीत बसूं नये. स्वयंचालक सोडावा, इंजिनांस पूर्ण शक्ति द्यावी, पंख समतल करून नाक वर उचलावें, आणि पंखांवरचे वेगरोधक मिटले आहेत ना तें पाहावें. शंका, तपास, चर्चा सारें नंतर. वेगरोधकांची गोष्ट क्षुल्लक नव्हे. डिसेंबर १९९५ मध्यें कोलंबियांतील काली शहराजवळ वैमानिकांनीं इशारा ऐकून विमान वर उचललें. पण वेगरोधक उघडेच राहिले, आणि १५९ जण दगावले. त्या यंत्राची दृष्टि खालींच असे. समोरचा कडा त्यास दिसत नसे, त्यामुळें हातीं अवघे कांहीं सेकंद उरत. पुढें बेटमन यांच्याच मंडळींनीं साऱ्या जगाच्या भूमीचा नकाशा यंत्रांत भरला, आणि विमान पुढच्या डोंगरापासून मिनिटभर दूर असतांनाच इशारा मिळूं लागला.

काळ वाढला, पण तो वापरणारा माणूस तोच आहे. पोतें धान्याचें आहे अशी कितीहि खात्री असली, तरी कोणी 'उघडून पाहा' म्हणाला तर आधीं हात थांबवावा. तो चुकला असेल तर थोडा वेळ जाईल, एवढेंच. दौलताबादची भुयारी वाट चढतांना, पुढें अंधारांत पायरी आहे असें वाटाड्या सांगतो, तेव्हां आपण वाद घालीत नाहीं, पाय उचलतों. वैमानिकाकडूनहि अपेक्षा तेवढीच आहे.