नॅनोपृष्ठे, रेणुसंवेदी
नॅनोपृष्ठे, रेणुसंवेदी : प्रकाशाच्या साहाय्याने अत्यल्प प्रमाणातले रेणू ओळखण्यासाठी सोन्या-चांदीवर घडवलेल्या नॅनोमीटर मापाच्या रचना. त्यांचे आकार आणि अंतरे आधी संगणकावर ठरवतात.

रेणूवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अल्पसा अंश आपली तरंगलांबी बदलतो, हे चं. वें. रामन यांनी 1928 मध्ये के. एस. कृष्णन यांच्यासह दाखवले. हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असल्याने त्यावरून रेणू ओळखता येतो; मात्र साधारण एक कोटी फोटॉनांत एखादाच असा बदलतो.

1974 मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमान, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना खडबडीत चांदीवरच्या पिरिडीन या रेणूचा रामन-संकेत कमालीचा तीव्र आढळला. क्षेत्रफळ वाढल्यामुळे तसे झाले, असे त्यांना वाटले. ही वाढ लाखपटीच्या घरातली असून क्षेत्रफळाने ती उलगडत नाही, हे 1977 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. धातूतील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ डोलतात आणि अरुंद फटींत विद्युत् क्षेत्र एकवटते. क्षेत्र दहापट झाले, तर संकेत सुमारे दहा हजारपट होतो.

पिरिडीनचे वलय निकोटीनमध्येही असते. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी ही विडी-तंबाखूची जुनी पेठ. तिथल्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांचा तंबाखूच्या धुळीशी रोजचा संबंध. शरीरात गेलेल्या निकोटीनचे कोटिनिन बनते आणि त्यातही हे वलय टिकून राहते. म्हणून तंबाखूच्या पानाचा अर्क असो वा लघवीचा नमुना, दोन्हींसाठी हे तंत्र उपयोगी पडू शकते.

रचनेची सुरुवात लेसरपासून होते. पानातील रंगद्रव्ये दृश्य प्रकाशात स्वतःच चमकून संकेत झाकतात, म्हणून 785 नॅनोमीटरचा लेसर सोयीचा. या तरंगलांबीला सोने चांगले चालते. शिवाय ते चांदीसारखे काळवंडत नाही. दिलेल्या आकाराभोवतीचे क्षेत्र काढण्यासाठी केन यी यांच्या 1966 च्या पद्धतीत अवकाशाचे आणि काळाचे बारीक तुकडे पाडून मॅक्सवेलची समीकरणे पायरीपायरीने सोडवतात. ‘उलट रचने’त मात्र हवा तो परिणाम आधी ठरवून आकार शोधला जातो. त्यासाठी प्रत्येक फेरीत दोनच गणने पुरतात. शेकडो मापांपैकी कोणते कसे बदलावे, ते त्यांतून कळते.

फट अरुंद करण्याला मर्यादा आहे. अर्ध्या नॅनोमीटरखाली इलेक्ट्रॉन फट ओलांडू लागतात आणि वाढ ओसरते. कोरताना टोकेही गोलावतात. म्हणून मापे थोडी चुकली तरी निभावणारा आराखडा निवडतात. पुण्याच्या आयसर संस्थेत जी. व्ही. पवन कुमार यांचा गट चांदीच्या नॅनोतारांभोवती एकवटणाऱ्या प्रकाशक्षेत्रांचा अभ्यास करतो.

अर्कातले इतर रेणूही धातूवरची जागा अडवतात. क्षेत्राच्या गणितात ही चढाओढ येत नाही, त्यामुळे निकोटीनचे प्रमाण क्रोमॅटोग्राफीशी पडताळून घ्यावे लागते.