मुलाने 'सकाळी'चं 'सकायी' वाचलं, तर ती चूक का? शिक्षक वाचन तपासायला कसं शिकतात

'आजी सकाळी शेतात गेली.' दुसरीच्या वर्गाला शोभेल असं साधं वाक्य. समजा, मलकापूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत तीन मुलांनी ते वाचलं.

पहिल्या मुलीने वाचलं, 'आजी सकायी शेतात गेली.' दुसऱ्या मुलाने एकेक अक्षर सुटं, पण अचूक वाचलं: 'आ... जी... स... का... ळी...' आणि 'कोण कुठे गेलं?' विचारल्यावर तो गप्प राहिला. तिसऱ्याने झरझर वाचून टाकलं, 'आजी सकाळी शाळेत गेली.'

आता चुका मोजा. पहिलीची एक, तिसऱ्याची एक, दुसऱ्याची शून्य. म्हणजे कागदावर सगळ्यात पुढे तो मुलगा, ज्याला वाक्याचा अर्थच लागलेला नाही. आणि पहिल्या मुलीची जी 'चूक' धरली, ती मुळात चूक नाही.

वाचन तपासणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिक्षकांनाही शिकावं लागतं, ते यामुळेच.

हे आत्ताच का महत्त्वाचं?

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत देशातल्या प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. महाराष्ट्राने ५ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी 'निपुण महाराष्ट्र' कृती कार्यक्रम आणला.

गरज किती मोठी आहे ते 'असर' अहवालातून दिसतं. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून हे सर्वेक्षण होतं. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीतली फक्त १६.३ टक्के मुलं २०२२ मध्ये दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर गेलं. सुधारणा चांगली आहे, पण चारातल्या तीन मुलांचा प्रश्न तसाच राहतो.

शिवाय सर्वेक्षण जिल्ह्याचं किंवा राज्याचं चित्र दाखवतं. वर्गात तिसऱ्या रांगेत बसलेला मुलगा नेमका कुठे अडलाय, हे त्यातून कळत नाही. ते बाईंना किंवा गुरुजींनाच शोधावं लागतं.

चाचणी असते तरी कशी?

'असर'चा कागद अगदी साधा आहे: अक्षरं, शब्द, एक छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट. गंमत म्हणजे सुरुवात अक्षरांपासून नाही, परिच्छेदापासून होते. मूल तो ओघाने, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचू शकलं तर पुढे गोष्ट. नाही जमलं तर मागे शब्दांकडे. पाचपैकी चार शब्द आले तर मूल शब्दाच्या पातळीवर, नाहीतर अक्षरांकडे. ही चाचणी एका मुलामागे काही मिनिटांत होते.

दुसरी पद्धत घड्याळ लावण्याची. निपुण भारतच्या लक्ष्यानुसार दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द वाचावेत. इथे मराठीची एक अडचण आहे. आपण प्रत्यय शब्दाला जोडून लिहितो. 'घरासमोरच्या' हा मराठीत एक शब्द, पण इतर अनेक भाषांत त्याचे तीन-चार शब्द होतात. त्यामुळे सगळ्या भाषांना एकच आकडा लावणं न्याय्य नाही. २०२२ मध्ये एनसीईआरटीने केलेल्या पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी वेगवेगळे निकष ठरवले गेले, ते बरंच झालं.

'सकाय' आणि 'पानी'चं काय करायचं?

मलकापूर परिसरात हा प्रश्न रोजचा आहे. वऱ्हाडीत 'ळ'चा बऱ्याचदा 'य' होतो: जवळचं 'जवय', डोळ्याचं 'डोया'. 'ण'च्या जागी 'न' येतो आणि पाण्याचं 'पानी' होतं. पलीकडच्या खानदेशातही असे उच्चार ऐकू येतात. 'सकाळी' हा छापील शब्द बघून मूल 'सकायी' म्हणतं, तेव्हा त्याने तो शब्द ओळखलेला असतो, समजलेलाही असतो. फक्त तो घरच्या उच्चारात बाहेर पडतो.

जगभर वापरल्या जाणाऱ्या 'इग्रा' या वाचन चाचणीच्या सूचनांतही बोलीचा उच्चार चूक धरू नये, असं सांगितलेलं आहे. पण प्रशिक्षणात हे कोणी आवर्जून सांगितलं नाही, तर शिक्षक सवयीने फुली मारतो. मुलीला वाटतं, आपल्याला वाचताच येत नाही. ती पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. लिहिताना 'सकाळ' लिहायचं, हे तिला नंतर शांतपणे सांगता येतं.

वाचन शिकवण्याच्या कामात महाराष्ट्रात मोठं नाव असलेल्या मॅक्सीन बर्नसन यांची पार्श्वभूमी इथे आठवण्यासारखी आहे. त्या भाषाशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांची पीएचडी फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर होती. पुढे तिथेच त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. वर्णमाला संपेपर्यंत न थांबता, थोडी अक्षरं आणि मात्रा एकत्र घेऊन लगेच शब्द वाचायला लावायचे, ही त्यांच्या कामातली महत्त्वाची दिशा.

'मलकापूर' हाच शब्द बघा. म, ल, र आणि क, प या पाच अक्षरांना काना आणि दीर्घ ऊकार जोडले की मूल आपल्या गावाची पाटी वाचू शकतं. उलट 'वऱ्हाड' लिहायला-वाचायला मोठ्यांनाही अवघड!

मग अडतं कुठे?

देवनागरीत मात्रा अक्षराच्या वर, खाली, पुढे, मागे कुठेही येतात. 'कि'मधली वेलांटी लिहिताना आधी, उच्चारताना नंतर. त्यावर रफार आणि जोडाक्षरं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांचा काही वर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. वाड्याच्या बाजूने त्यात 'क्वेस्ट' ही संस्था होती. अक्षरं आणि मात्रा पक्क्या व्हायला मुलांना पाठ्यपुस्तक देतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे त्यातून पुढे आलं. पुस्तक पुढे जातं, मूल मागे राहतं.

म्हणून चुकीचा प्रकार ओळखणं महत्त्वाचं. 'दिवस'चं 'दवस' वाचणाऱ्या मुलाला वेलांटी शिकवायची आहे, अख्खी बाराखडी पुन्हा घोकायला लावायची नाही. सुरुवातीच्या उदाहरणातला तिसरा मुलगा पहिलं अक्षर बघून अंदाज मारतो. त्याच्यासमोर 'शेत, शाळा, शेळी' असे शब्द शेजारी-शेजारी ठेवून बोट फिरवत वाचून घ्यायचं. दुसऱ्याला अक्षरं येतात, त्याला ओघ हवा. त्याच्याबरोबर तोच छोटा मजकूर तीन-चारदा मोठ्याने वाचायचा, मग त्यावर गप्पा मारायच्या.

मलकापूर शहरात उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथे कोडं वेगळं आहे. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, वाचणाऱ्याने ते संदर्भाने भरायचे असतात. मराठीच्या चुकांची यादी भाषांतरित करून तिथे चालणार नाही.

प्रशिक्षणात काय व्हायला हवं?

सभागृहात दिवसभर स्लाइड दाखवून हे येत नाही. २०२१ मध्ये दीक्षा ॲपवर आलेल्या 'निष्ठा ३.०' अभ्यासक्रमात पायाभूत साक्षरतेचे १२ भाग आहेत आणि ते उपयोगीही आहेत. पण कान तयार होतो तो ऐकूनच. एकाच मुलाच्या वाचनाचं रेकॉर्डिंग दहा शिक्षकांनी ऐकावं, प्रत्येकाने चुका नोंदवाव्यात आणि मग वह्या जुळवून बघाव्यात. कोणी 'पानी'वर फुली मारली, कोणी नाही, यावर वाद झाला की खरं शिक्षण सुरू होतं. केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद ही यासाठी हाताशी असलेली जागा आहे.

वेळेचा प्रश्नही आहेच. एका मुलाला तीन मिनिटं धरली, तरी तीस मुलांना दीड तास लागतो आणि दोन शिक्षकी शाळेत तेवढ्या वेळात बाकीचे वर्ग डोक्यावर घेतले जातात. त्यापेक्षा इतर मुलं चित्र काढत असताना रोज पाच मुलांचं वाचन ऐकलं, तर सोमवार ते शनिवार अख्खा वर्ग होतो. नोंद म्हणून मुलाच्या नावापुढे आकड्याऐवजी 'वेलांटी', 'ओघ', 'अंदाज' असा एक शब्द लिहिला, तरी पुढच्या सोमवारी कोणाला कोणत्या गटात बसवायचं ते ठरवता येतं.