शाळेचा मुआयना : एका जुन्या हिशेबाची हकीकत

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, त्याच सुमारास आमच्या नात्यातील एक तरुण शिक्षक घरी आले. शाळेची स्वतःच तपासणी करून, एकशे अठ्ठावीस मानकांवर स्वतःच स्वतःला श्रेणी द्यावयाची व प्रत्येकाचा पुरावा संगणकावर चढवावयाचा, या कामात ते गुंतले होते. चहा घेता घेता त्यांनी विचारले, “मामा, तुमच्या वेळी हे असले काही होते का हो?” होते, आणि आमच्या आजोबांच्या वेळीही होते. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणून प्रस्तुत लेख ज्ञातिबांधवांपुढे सादर करीत आहे. लेखक विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला एक गुरुजी आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

सरकारने शाळेस पैसा द्यावा आणि त्या बदल्यात शाळेने आपली तपासणी करू द्यावी, हा करार आपल्या देशात १८५४ च्या वुडच्या खलित्याने रूढ झाला. पुढे १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने त्याच्याही पुढची पायरी गाठली. तपासनिसाने शाळेत जाऊन वाचन, लेखन व गणित यांत मुलांची परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके अनुदान द्यावे, असा तो नियम. ऐकावयास हे किती न्याय्य वाटते! परंतु व्हायचे तेच झाले. मास्तर मंडळी तपासनिसाच्या पुस्तकातील उतारे मुलांकडून घोकून घेऊ लागली. मॅथ्यू आर्नल्ड हा थोर कवी पोटासाठी शाळा-तपासनीसच होता. त्याने या पद्धतीवर कडक टीका केली. तिचे वारे आपल्या मुंबई इलाख्यातही आले. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी, ज्या गरीब व अडाणी लोकांत शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यासाठी निकालावर पैसा देण्याची ही रीत योग्य नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षकांस पुरेसा पगार असावा व निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, अशीही मागणी आहे. जोतिरावांनी शाळा काढून चालविल्या होत्या. शाळेत न येणारे मूल कोणत्या कारणाने येत नाही, हे त्यांस कागदावरून शिकावे लागले नाही.

आपला मुलूख मात्र इंग्रजी अमलाखाली नव्हता. अहमदपूर हे निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्याचा तालुका. दुय्यम शिक्षणाचे माध्यम उर्दू आणि खात्याचे नाव तालीमात. मोहतमीम साहेबांचा मुआयना ठरला की शाळा सारवून निघे, अशा गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आम्ही वाढलो. ‘मुआयना’ हा शब्द आमच्या घरी लग्नाच्या याद्या तपासतानाही वापरीत!

त्याच राज्यात १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, हे १९२९ पासून तिचे मुख्याध्यापक होते. १९३० साली संन्यास घेतल्यावरही ते मुलांना शिकवीत राहिले. अशा शाळेचे जमाखर्च पाहणारा तपासनीस कोण? ज्यांनी आपली मुले तेथे धाडली, ती माणसे. मुलगा सुट्टीत घरी आला की त्याचे वाचन, त्याचे वागणे घरोघर पाहिले जाई. तथापि प्रत्येक गावाच्या नशिबी असा मुख्याध्यापक नसतो. म्हणून सरकारी तपासणी नकोच, असे मी म्हणणार नाही.

१९४८ साली हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली अहमदपूर उस्मानाबाद जिल्ह्यात आले, १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. मुआयन्याची तपासणी झाली, मोहतमीम जाऊन विस्तार अधिकारी आले, शेरेबुक मात्र राहिले. शिक्षकांची पदे पटावर ठरतात, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पट घसरला की एक पद जाते आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. सारी गोम येथे आहे.

माझ्या सेवेच्या प्रारंभीची, १९८८ च्या आसपासची गोष्ट. शाळेचे नाव सांगत नाही. बालाघाटाच्या डोंगरकडेच्या एका वाडीतील मुलगा माझ्या तिसरीच्या वर्गात होता. दसरा झाला की आईबाप त्यास घेऊन ऊसतोडीस जात, ते उन्हाळ्यातच परत येत. त्याच्यासारखी आणखी सात-आठ मुले होती. नावे कमी केली असती तर माझ्याच एका सहकाऱ्याची बदली ओढवली असती. मी त्या मुलांच्या नावापुढे दररोज हजेरीची खूण करीत गेलो. कोणी सक्ती केली नाही. सर्वांस ठाऊक होते इतकेच. तपासणीस आलेल्या साहेबांनी हजेरीपट पाहिला, बेरजा पडताळल्या आणि शेरा लिहिला : उपस्थिती समाधानकारक. त्या शेऱ्याने मला आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो.

असे हात किती शाळांत चालले असतील याचा अंदाज पुढे आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यानेच दिला. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटपडताळणी करविली, तेव्हा लाखाहून अधिक नावे केवळ कागदावरची निघाली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर तीच मोहीम झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदाराप्रमाणे मुलांच्या बोटाला शाई लावली. पटावर असून वर्गात नसलेल्या मुलांचा राज्याचा आकडा वीस लाखांच्या घरात गेला. त्या नावांवर धान्य उचलले गेले होते, तुकड्या मंजूर झाल्या होत्या, कोठे कोठे संस्थाच उभ्या होत्या. शाई लावताना मुलांना गंमत वाटत होती. मी मात्र मान वर करून पाहू शकत नव्हतो. माझ्या त्या वर्षीच्या वर्गाचा पट अगदी खरा होता, तरीही.

पुढे मुलांची नोंद ‘सरल’ प्रणालीत आली, आधार जोडले गेले. खोटे नाव घालणे आता पूर्वीसारखे सोपे नाही. ‘शाळासिद्धी’ आली, काही गावांनी वर्गणी करून आयएसओचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले, आणि २०२४ साली शाळा गुणवत्ता मूल्यांकनाचा तो एकशे अठ्ठावीस मानकांचा आराखडा आला. त्यातील मानके वाईट नाहीत. कित्येक तर आम्हांस कोणी तेव्हा विचारावयास हवी होती. परंतु आमच्या भाच्याने सांगितले की छायाचित्रे काढण्यात व चढविण्यात त्यांची आठवड्याची दुपार जाते, आणि त्या दुपारी दुसरीचा वर्ग स्वतःच स्वतःस शिकवतो. लो साहेबांच्या काळी मास्तर उतारा पाठ करून घेत होते, आता पुरावा गोळा करतात.

२०१५ च्या दसऱ्याच्या सुमारास अहमदपूरच्या बाजारात एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. मी ओळखले नाही. त्याने वाडीचे नाव सांगितले तेव्हा तिसरीचा तो मुलगा ध्यानी आला. त्याच्या हाती एक छापील कागद होता. “गुरुजी, एवढं वाचून दावा की.” मुलीला ऊसतोडीला न नेता गावीच हंगामी वसतिगृहात ठेवण्यासाठी पालकांचे संमतिपत्र होते ते. तेथेच दुकानाच्या पायरीवर बसून मी त्यास सर्व मजकूर दोनदा वाचून दाखविला. त्याने होकार दिला व अंगठा उठविला. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

मुलगी त्या वर्षी गावी राहिली. आमच्या त्या शाळेच्या हजेरीपटात तिच्या बापाची तिसरीची उपस्थिती आजही पूर्ण आहे.