माजघराचा उंबरठा

‘कर नाही त्याला डर कशाला?’ समाजमाध्यमांवर काय टाकावं आणि काय टाकू नये हा विषय निघाला की हे वाक्य येतंच. त्याच्या मागोमाग दुसरं येतं: खासगीपण वगैरे हे साहेबाचे चोचले, आपण चाळीत वाढलेली माणसं, आपली दारं दिवसभर उघडी, शेजारी काय शिजतंय ते वासावरून कळायचं. तिसरं जरा तिखट असतं: फोटो स्वतःच टाकायचे आणि लोकांनी पाहिले म्हणून रडायचं, हे कसं चालेल? असं बोलणारी माणसं परकी नसतात. बहुतेक वेळा ती आपल्याच घरातली, वडीलधारी असतात आणि मनापासून बोलतात. म्हणून त्यांना झटकून टाकणं बरं नव्हे, नीट उत्तर दिलं पाहिजे.

आधी वाडा-चाळीचा दाखला घेऊ. जुन्या वाड्यात कोण कुठवर आत येणार हे घराच्या बांधणीतच ठरलेलं असे. दिंडीतून चौकात कुणीही येई. कुळं, निरोप्या, वसुलीचा कारकून ओसरीवर थांबत. सोप्यावर पाहुण्यांची बैठक. माजघरात घरची माणसं आणि अगदी जवळची नाती. त्याच्याही आत बाळंतिणीची खोली, जिथे घरातले पुरुषही सहसा डोकावत नसत. या उंबरठ्यांवर जातिभेद पोसला गेला आणि त्यांच्याआड बायकांना कोंडलं गेलं, हेही तितकंच खरं. त्याचं समर्थन कुणी करू नये. पण ‘आपल्याकडे खासगीपण नव्हतंच’ हे म्हणणं त्या घरांच्या भिंतीच खोडून काढतात.

आणि गोष्ट भिंतींवर थांबली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, घरबांधणीचे नियम आहेत. शेजाऱ्याच्या दारा-खिडकीला बाधा येईल अशी दारं-खिडक्या समोर काढणाऱ्याला तिथे दंड सांगितला आहे. मधून राजमार्ग किंवा रस्ता जात असेल तेवढीच सूट. एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयापुढे गुजरातेतले असे दावे आले. शेजारच्या घराचा आडोशाचा भाग दिसेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही, ही तिथली रूढी न्यायालयाने मान्य केली. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टमध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्कांचं कलम १८ आहे. त्याखाली दिलेल्या उदाहरणांत एक हेच आहे: एखाद्या गावच्या रूढीप्रमाणे शेजाऱ्याच्या खासगीपणाला मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. पुढे १८८८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात या रूढीची सविस्तर तपासणी करून ती उचलून धरली. शेजाऱ्याने नव्या घराला काढलेला व्हरांडा आणि दारं यांतून आपल्या घरातल्या बायकांच्या वावराचा भाग दिसतो, ही फिर्याद्याची तक्रार होती. अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस यांचा ‘खासगीपणाचा हक्क’ हा गाजलेला लेख हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात छापून आला तो १८९० साली. साहेबाकडून आपण ही कल्पना उसनी आणली म्हणणाऱ्यांनी ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

चाळीचं काय? चाळीत सगळ्यांना सगळं कळायचं, हे कबूल. पण तुमचं भांडण ज्यांनी ऐकलं त्यांची तोंडं तुम्हाला ठाऊक असत, आणि त्यांची भांडणं तुम्हीही ऐकलेली असत. गॅलरीतली बातमी फार तर पुढच्या चाळीपर्यंत जाई, चार-दोन महिन्यांनी विरे. त्या नजरेचा जाच तरण्या मुलींना आणि एकट्या राहणाऱ्या बाईला किती झाला, ते चाळीच्या आठवणी रंगवून सांगणारे सहसा सांगत नाहीत. तरीही तिथे बघणारा दिसत होता. फेसबुकवर बघणारा दिसत नाही, त्याचं घर दिसत नाही, आणि त्याच्याकडे गेलेलं काही विरत नाही.

केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणाचे आकडे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एका संशोधकाने स्वभाव ओळखण्याच्या प्रश्नावलीचं ॲप बनवलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकने भारतापुरता हिशेब दिला. ते ॲप इथे घेतलं होतं ३३५ जणांनी, आणि ज्यांची माहिती त्यातून या कंपनीकडे गेली असण्याची शक्यता होती असे लोक होते ५,६२,४५५. बाकीच्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी काय केलं होतं? काहीही नाही. ते ॲप घेतलेल्या कुणाच्या तरी मित्रयादीत होते, एवढंच. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीचा पायाच इथे खचतो. कर एकाने करायची आणि माहिती दुसऱ्याची जायची, अशी ही व्यवस्था आहे.

शिवाय आपण जे सांगितलंच नाही तेही या व्यवस्थेला कळतं. केंब्रिज विद्यापीठातल्या कोसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ५८,००० स्वयंसेवकांच्या माहितीवरून दाखवलं की माणसाने कशाकशाला ‘लाइक’ केलं एवढ्यावरून त्याचा राजकीय कल, धर्म, लैंगिक कल यांचा बऱ्याच अचूकपणे अंदाज बांधता येतो. लपवण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्याने आधी आपलं काय काय दिसतंय ते तरी पाहायला हवं, आणि तेच त्याला दाखवलं जात नाही.

‘हे सुखवस्तूंचं दुखणं आहे, गरिबाला खासगीपण काय करायचंय’, हा आक्षेप तर सर्वोच्च न्यायालयातही सरकारतर्फे मांडला गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो फेटाळला आणि खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. पण त्याच्या सत्तर वर्षं आधी, १९४७ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केलं होतं. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होता कामा नये, असं मूलभूत हक्कांचं कलम त्यात आहे. दलितांसाठी राज्यघटनेत काय काय हवं याची ती मागणीपत्रिका होती. ज्याच्या पाठीशी पैसा, जात किंवा संख्या नाही, त्यालाच हा आडोसा सर्वांत जास्त लागतो. आंतरजातीय लग्न करून गाव सोडलेल्या जोडप्याला, मारहाणीला कंटाळून माहेरीही न कळवता निघालेल्या बाईला, आजार उघड झाला तर नोकरी जाईल अशा कामगाराला विचारा. त्यांनी कसलाही गुन्हा केलेला नाही, आणि एका फोटोखालच्या ठिकाणाच्या नावाने त्यांचं आयुष्य उलटंपालटं होऊ शकतं.

आता तिसरा, तिखट मुद्दा: स्वतःच टाकलं ना? २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या नावाखाली मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाला मांडले गेले. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने धरपकड केली. ते फोटो त्या स्त्रियांनी आपापल्या खात्यांवर टाकलेले, कुणालाही पाहता येतील असेच होते. पण पाहू देणं म्हणजे लिलावाला मांडू देणं नव्हे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत खाट, ऑक्सिजन, इंजेक्शन यांसाठी लोकांनी स्वतःचे मोबाइल नंबर जाहीर केले, आणि त्यातून जीव वाचले. माहिती वाटून घेण्याची ताकद त्या आठवड्यांनी दाखवली, ती नाकारण्यात अर्थ नाही. त्याच नंबरांवर नंतर अनेक बायकांना अश्लील फोन आणि मेसेज आले. नंबर दिला होता ऑक्सिजनसाठी. माहिती देताना माणूस ती एका कामासाठी देतो, आणि त्या कामापुरतीच देतो.

आपल्याकडे हे सर्वांत जवळून बघायचं असेल तर लग्नाचा बायोडाटा उघडून पाहावा. वधू-वर मेळाव्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारी एका पानाची पीडीएफ. वर गणपती, खाली मुलीचा साडीतला फोटो. मग जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नाडी, गण, उंची, रक्तगट, शिक्षण, कंपनीचं नाव, वार्षिक पगार. पुढे देवक, मामेकुळ, वडिलांचा हुद्दा, भावाची नोकरी, शेती किती, फ्लॅट कुठे. तळाला घरचा पूर्ण पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. फोनवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्याला विश्वास बसवायला जेवढं लागतं त्याहून जास्त त्या पानावर आहे. पूर्वी ही पत्रिका मध्यस्थाच्या पिशवीतून चार घरी जाई आणि जमलं नाही तर परत येई. आता मुलीचं लग्न होऊन, मूल होऊन वर्षं लोटली तरी तिचा पगार आणि पत्ता कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरत असतो. तिला कुणी विचारलेलं नसतं. आत्या किंवा काका ‘चांगलं स्थळ मिळावं’ म्हणून प्रेमाने पुढे पाठवतात. त्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण पत्ता, नंबर आणि पगार काढून टाकले तरी स्थळं येतातच, आणि ज्यांना पुढे बोलायचंय त्यांना ते वधू-वर मंडळाकडून, मुलीला विचारून, देता येतात.

कायदा सांभाळून घेईल अशी आशा असेल तर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा वाचावा. व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी वापरलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे काकांचा फॉरवर्ड बाहेर. हे एक वेळ समजू शकतं. पण माणसाने स्वतः जाहीर केलेली माहितीही सरसकट बाहेर ठेवली आहे. ‘स्वतःच टाकलं ना?’ हा ओसरीवरचा टोमणा तिथे कलमाच्या रूपाने बसला आहे. फौजदारी कायदा आहे, पण तो गुन्हा घडल्यावर. जाहीर फोटो उचलून त्यांचे साठे करणाऱ्या कंपनीला, ते कोणत्या कामासाठी टाकले होते हे विचारायची गरज हा कायदा ठेवत नाही. ही सूट रद्द व्हावी, निदान मूळ हेतूपुरती मर्यादित व्हावी, अशी मागणी करायला पुट्टस्वामी निकालाचा आधार आपल्या हातात आहे.