ढावलो : लग्नगीताच्या चौकटीबाहेर

वऱ्हाडातील बंजारा लोकगीतांचा विचार बहुधा विधिगीतांच्या चौकटीत होतो. ढावलो हे सासरी निघालेल्या मुलीचे रुदनगीत. ते ‘लग्नगीते’ या सदरात टाकले की वर्गीकरणाचे काम संपते. या सोयीपायी गीतातील इतिहास मात्र नजरेआड होतो.

लोहमार्ग येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लदेणीच्या बैलांवरून मिर्झापूरच्या बाजारापर्यंत जात असे. मीठ आणि धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे या व्यापाराचा कणा होते. 1860 नंतर अकोला, बडनेरा करीत रेल्वे पुढे सरकली, 1867 मध्ये नागपूरला पोहोचली आणि लदेणी मोडली. तांडे हळूहळू स्थिरावले. भार वाहणारा बैल नांगराला जुंपला गेला. गीतात मात्र तो तसाच राहिला. ढावलोनंतर, निरोपाच्या क्षणी, नवरी बैलावर उभी राहून ‘हवेली’ म्हणते आणि बापाच्या नंगरीला, म्हणजे तांड्याला, आशीर्वाद देते. ज्या वाटेवर समूहाचे जगणे उभे होते ती वाट बुजली. तिची स्मृती एका मुलीच्या वियोगाने सांभाळली, असे म्हणावे लागते.

ढावलोला स्थिर संहिता नाही. वडीलधाऱ्या स्त्रियांकडून मुलगी त्याची चाल व घडण शिकते. एकेका आप्ताच्या गळ्यात पडून शब्द मात्र तिचे तिलाच जुळवावे लागतात. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजात, विशेषतः ओयो परिसरात, ‘एकुन इयावो’ हे वधूचे रुदनकाव्य याच जातीचे आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील यादवीत गुलाम होऊन क्युबा व ब्राझीलला नेल्या गेलेल्या योरुबांबरोबर प्रामुख्याने टिकली ती देवतांची स्तोत्रे. बोलभाषा मावळल्यावरही ती पूजाविधीत उरली. या फरकाचे कारण स्थलांतराच्या स्वरूपात शोधावे लागेल. बंजारा घरदार, गुरेढोरे, नायक यांच्यासह हलत राहिला. गुलाम माणूस एकटा तोडला गेला. निरोपाच्या गीताला निरोप देणारे माहेर लागते, आणि तेच त्याच्यापाशी उरले नव्हते.

नावांच्या बाबतीत मात्र दोहोंची कहाणी विलक्षण जवळची आहे. योरुबा क्युबात ‘लुकुमी’ झाले, ब्राझीलमध्ये ‘नागो’. ‘योरुबा’ हे सर्वसमावेशक नावही एकोणिसाव्या शतकातच रुळले. गुलामीतून सुटलेल्या सॅम्युएल क्राउथरच्या 1843 च्या शब्दसंग्रहाचा त्यात मोठा वाटा होता. इकडे बंजारा, लमाणी, लंबाडी, सुगाळी ही नावे प्रांताप्रांताने दिली. स्वतंत्र भारतातही हा घोळ मिटला नाही: महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती! पूर्वी अकोला जिल्ह्यात आणि 1998 पासून वाशीम जिल्ह्यात असलेल्या पोहरादेवीला, सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी, या तिन्ही सदरांतील माणसे एकाच गोरमाटी बोलीत बोलतात. ती स्वतःला ‘गोर’ म्हणतात आणि परक्याला ‘कोर’.

मराठी शाळेत वाढलेल्या आजच्या मुलीला ही बोली कितपत पेलते, हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. ढावलो तिला ऐनवेळी स्वतः रचावा लागतो. छापील संग्रहातला ढावलो तिच्या उपयोगी पडत नाही, कारण त्यात दुसऱ्याच कुणाची माणसे असतात. तिला फक्त ‘याडी’ अशी हाक मारून पुढे स्वतःचे शब्द शोधायचे असतात. त्या हाकेत ना लमाणी लागते, ना बंजारा, ना कोणते शासकीय सदर.