परत दिलेलं धन

आज आम्ही तुम्हाला एका जुन्या वैराची गोष्ट सांगणार आहोत. बदामीचे चालुक्य आणि कांचीचे पल्लव यांची. बदामी आजच्या कर्नाटकात, कांची तमिळनाडूत. चालुक्यांचा अंमल आपल्या महाराष्ट्रावरही होता.

दुसऱ्या पुलकेशीने पल्लवांवर चाल केली. मग इ.स. ६४२च्या सुमारास पल्लव राजा नरसिंहवर्म्याने बदामीच घेतली आणि ‘वातापीकोंड’, म्हणजे बदामी जिंकणारा, अशी पदवी लावली. बापाचा सूड पोराने घ्यायचा, आजोबाचा नातवाने. शंभर वर्षं हेच चाललं. राजांना पदव्या मिळाल्या. तुडवली गेली ती शेतकऱ्याची पिकं.

आठव्या शतकात चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य कांचीत शिरला. सूड घ्यायची संधी हातात होती. पण त्याने शहर उद्ध्वस्त केलं नाही. कैलासनाथ मंदिराचं धन पाहिलं आणि देवालाच परत दिलं. तसा कन्नड लेख त्या मंदिरात आजही आहे.

या विजयाची आठवण म्हणून त्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकलला मंदिर बांधवलं. तेच आजचं विरूपाक्ष मंदिर. शेजारचं मल्लिकार्जुन मंदिर तिच्या बहिणीचं, तीही राणीच. विरूपाक्षाच्या लेखांत राणीचं नाव आहे आणि मंदिर उभारणाऱ्या गुंड नावाच्या कारागिराचंही.

पुढे काही वर्षांतच राष्ट्रकूटांनी चालुक्यांचं राज्य संपवलं. पदव्या पुस्तकात राहिल्या. पण जिंकूनही हात आवरल्याची साक्ष मात्र हरलेल्यांच्या देवळात टिकली. मैत्रिणींनो, भांडण जिंकल्यावर आपण काय परत देतो? गटाच्या बैठकीत यावर जरूर बोला.