नाव, नोंद आणि नाते : कॅनडातील दत्तक गेलेल्या आदिवासी मुलांचा अस्मिताशोध

वसाहतवादाच्या अभ्यासात भूमीच्या अपहरणाची चर्चा विपुल झाली आहे. मुलांच्या अपहरणाची त्या मानाने कमी. कॅनडात साधारणतः १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक आदिवासी मुले कुटुंबांपासून तोडून प्रामुख्याने गौरवर्णीय घरांत पालनासाठी किंवा दत्तक दिली गेली, असा अंदाज आहे. पॅट्रिक जॉन्स्टन यांच्या १९८३ च्या अहवालापासून हे पर्व ‘सिक्स्टीज स्कूप’ या नावाने ओळखले जाते. या मुलांनी प्रौढपणी स्वतःची अस्मिता परत मिळवली ती कशाच्या आधाराने, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या पर्वाचे मूळ एका कायदेशीर दुरुस्तीत आहे. १९५१ मध्ये ‘इंडियन ॲक्ट’मध्ये झालेल्या बदलामुळे प्रांतांचे सर्वसाधारण कायदे आदिवासींच्या राखीव वसाहतींनाही लागू झाले आणि बालकल्याण खात्यांना तेथे प्रवेश मिळाला. दारिद्र्य किंवा आजी-आजोबांनी मूल वाढवण्याची प्रथा यांकडे ‘हेळसांड’ म्हणून पाहिले गेले. सस्कॅचवान प्रांताने तर १९६७ मध्ये आदिवासी व मेटी मुलांना दत्तक घेण्याचे आवाहन करणारी जाहिरात मोहीमच सुरू केली. मॅनिटोबातील न्यायाधीश एडविन किमेलमन यांनी १९८५ च्या अहवालात या व्यवहाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. निवासी शाळेतील मुलाला आपण कोठून आलो हे निदान ठाऊक असे; दत्तक गेलेल्या मुलाचे आडनाव, भाषा आणि भूगोल बहुधा एकदमच बदलत.

येथे नोंदीचा प्रश्न कळीचा ठरतो. कायद्याने ‘स्टेटस इंडियन’ असलेल्या मुलाचा हा दर्जा दत्तकविधानाने संपत नसे. म्हणजे ज्या व्यक्तीला आपण कोण हे ठाऊक नव्हते, तिची ओळख शासनाच्या दप्तरात मात्र शाबूत होती. ऑन्टॅरिओतील न्यायमूर्ती एडवर्ड बेलोबाबा यांनी १४ फेब्रुवारी २०१७ रोजी दिलेल्या निकालाचा रोख नेमका येथेच आहे. दत्तक गेल्यानंतर या मुलांची आदिवासी ओळख नष्ट होऊ नये यासाठी, त्यांचे मूळ आणि हक्क यांची माहिती देण्यासाठी केंद्र सरकारने वाजवी पावले उचलली नाहीत, असा ठपका त्यांनी ठेवला. ओळख हरवणे ही न्यायालयाने दखल घ्यावी अशी हानी ठरली. त्यानंतरच्या समझोत्यात वैयक्तिक भरपाईसाठी कमाल ७५ कोटी आणि सांस्कृतिक पुनर्जोडणीचे काम करणाऱ्या प्रतिष्ठानासाठी ५ कोटी डॉलर ठेवले गेले; मेटी आणि ‘स्टेटस’ नसलेली मुले मात्र त्यातून वगळली गेली. ज्या वर्गीकरणाने मुले तोडली, त्याच वर्गीकरणाने भरपाईचे हक्कदारही ठरवले.

नोंद सापडली म्हणजे नाते जुळले असे नव्हे. याचे भान न्यायालयांच्या आधी साहित्याला आले. बिअट्रिस कल्टन मोझिओनियर यांच्या ‘इन सर्च ऑफ एप्रिल रेनट्री’ (१९८३) या कादंबरीत वेगवेगळ्या पालक-घरांत वाढलेल्या दोन मेटी बहिणी आहेत. गोऱ्या समाजात मिसळू पाहणाऱ्या थोरलीला आपले मूळ स्वीकारता येते ते धाकटी गमावल्यावर. रिचर्ड वागामीस यांच्या ‘कीपर एन मी’ (१९९४) मध्ये तुरुंगातील तरुणाला घरच्यांचे पत्र येते. पण कादंबरीचा मोठा भाग त्या पत्रानंतरचा आहे. ओजिब्वे वस्तीत एक वृद्ध त्याला रीती, विधी आणि मौन शिकवतो. दोघेही लेखक स्वतः पालक-घरांत वाढलेले होते. पहिल्या कादंबरीत ओळख शोकातून येते, दुसरीत शिकवणीतून.

या शिकवणीचे स्वरूप भाषेत दिसते. क्री भाषेत नातेवाचक शब्द सहसा ‘माझा’, ‘तुझा’ असा उपसर्ग घेतल्याशिवाय उभाच राहत नाही. आणि मावशीसाठीचा शब्द ‘आई’ या शब्दाचेच लघुरूप आहे. अशा भाषेत परतणाऱ्याला शब्दसंग्रहापेक्षा ‘माझी’ म्हणण्याचा अधिकार मिळवावा लागतो, आणि तो देणे समाजाच्याच हाती असते.

ऑस्ट्रेलियातही हीच गरज ओळखली गेली. तेथे १९८० मध्ये कोरल एडवर्ड्स आणि पीटर रीड यांनी स्थापलेल्या ‘लिंक-अप’ने कुटुंबाचा शोध, पहिल्या भेटीला सोबत आणि भेटीनंतरचा आधार हे एकच काम मानले. सरकारची राष्ट्रीय क्षमायाचना त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २००८ मध्ये आली. कॅनडात आदिवासी समाजांचा बालकल्याणावरील अधिकार मान्य करणारा कायदा १ जानेवारी २०२० रोजी अंमलात आला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये वैध ठरवला. पुढच्या पिढीचे तुटणे त्याने रोखता येईल. आधीच तुटलेल्यांसाठी मात्र दप्तरे खुली असणे आणि घरी कोणीतरी वाट पाहत असणे, या दोन्हींची गरज आहे. पहिली गोष्ट राज्यसंस्थेचे देणे आहे. दुसरी तिला देता येत नाही. ती देणाऱ्या समाजाला बळ देणे एवढेच तिच्या हाती आहे.